उरुसात बदललेल्या बाटल्या

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. घरी मी जो संशय घेते तो फुकट असतो, आणि त्यात तसूभरही कमतरता नसते. दूध मी नाकाला लावून बघते, पेढ्यांच्या खोक्यावरची तारीख भिंगातून वाचते, आणि कुणी ‘अगदी मनापासून सांगतो’ म्हणालं की पुढचं वाक्य दुप्पट लक्ष देऊन ऐकते. माझा धाकटा भाऊ सन्मती म्हणतो, अक्काला देव भेटला तर ती आधी त्याचं ओळखपत्र मागेल. मागेनच.

मिरजेच्या पुरावा केंद्रात मी बालदम्याच्या विभागाची प्रमुख होते. आमचं काम सांगायला सोपं आहे. एखादं औषध चालतं की नाही हे एका चाचणीवरून कळत नाही. जगभरात त्यावर झालेल्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, विश्वास ठेवण्याजोग्या तेवढ्या निवडायच्या, आणि त्या सगळ्यांचा मिळून काय कौल येतो ते बघायचं. खरी मेख निवडीत आहे. कोणत्या चाचण्या आत घ्यायच्या हे ठरलं की अर्धा कौल तिथेच ठरून जातो. होमिओपॅथीत तर ही मेख आणखी खोल. चाचण्या पुष्कळ, त्यातल्या बऱ्याच लहान, काही ढिसाळ, थोड्या उत्तम. भक्ताच्या हाती निवड दिली तर औषध चालतं, माझ्यासारखीच्या हाती दिली तर चालत नाही. म्हणून दोन नियम. निवडीचे निकष आधी ठरवून सगळ्या जगाला जाहीर करायचे, म्हणजे नंतर सोयीने बदलता येत नाहीत. आणि निवडणाऱ्याला चाचणीचा निकाल दिसू द्यायचा नाही.

पूर्वी हे काम दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून करायची. आता एक माणूस आणि एक यंत्र करतं. यंत्राचं नाव पारखी. जगातल्या कुठल्याही भाषेतली चाचणी ते वाचतं. त्याच्या आधी एक छोटा प्रोग्राम त्या चाचणीवर बुरखा घालतो, म्हणजे लेखकांची नावं, गाव, औषधाचं नाव आणि निकाल काळ्या पट्ट्यांनी झाकतो. उरतं ते फक्त चाचणी कशी केली त्याचं वर्णन. ते वाचून पारखी मत देतं, मी मत देते. जुळलं तर शिक्कामोर्तब, नाही जुळलं तर तिसरा वाचक. निवड झाली की बुरखा उठतो आणि मग त्या निवडीला कुणी हात लावायचा नाही. निकाल बघून कुणाला आत किंवा बाहेर करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप.

या सगळ्याला वजन आलं ते सरकारने आरोग्य कार्ड आमच्या कौलाला जोडलं तेव्हापासून. कौल बदलला की पुढच्या एक तारखेला कार्डावरचं औषध बदलतं. एका दुखण्याची दोन औषधं चालत असतील तर स्वस्त ते कार्डावर राहतं, महाग ते खिशातून आणायचं.

त्या दिवशी माझ्या पडद्यावर एक चाचणी आली. दमा असलेली मुलं, सगळ्यांचा नेहमीचा श्वासाचा पंप चालू, त्याखेरीज निम्म्या मुलांना औषधाच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या. औषधाचं नाव झाकलेलं होतं, पण दर मुलागणिक वेगळं औषध निवडलं होतं आणि आधी प्रत्येकाच्या स्वभावाची, झोपेची, भीतीची चौकशी केली होती. होमिओपॅथी. ती मी बुरख्यातूनही ओळखते.

वर्णन मोठं प्रांजळ होतं. लेखकाने लिहिलं होतं: ‘उरुसाच्या आठवड्यात एकाच घरातल्या दोन चुलत भावंडांच्या बाटल्या एका पिशवीत ठेवल्या गेल्या. त्या बहुधा बदलल्या. कोणी किती दिवस कोणत्या गोळ्या खाल्ल्या हे आता सांगता येणार नाही.’ पुढे आणखी होतं. एका आजीने गोळ्या चाखून बघितल्या. एक कुटुंब ऊसतोडीच्या हंगामाला कारखान्यावर गेलं ते परत आलंच नाही.

मी मनात म्हटलं, आला का बहाणेबाज! आधीच हात जोडून ठेवायचे, आणि निकालात मात्र गोळ्यांनी मुलं ठणठणीत झालेली असणार. आमचा चौथा निकष स्पष्ट होता. कुणाला काय मिळालं याबद्दल शंका असेल तर चाचणी बाहेर. मी ‘बाहेर’ दाबलं. पारखीनेही ‘बाहेर’ म्हटलं होतं. आमचं जुळलं, याचं मला समाधानच वाटलं.

*

महिना सरत आला आणि कौल उलटला.

सकाळी केंद्रात पाय ठेवते तोच भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ दिसली: बालदम्यात होमिओपॅथीच्या गोळ्या साखरेच्या गोळ्यांपेक्षा सरस. मी चष्मा पुसून परत वाचलं. ओळ तीच होती. गोळ्या पंपापेक्षा स्वस्त, म्हणजे एक तारखेला कार्डावरून पंप जाणार.

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच डोक्यात आलं. पहिला संशय पारखीवर, दुसरा इरफानवर. इरफान जमादार हा माझा सहकारी, निम्म्या चाचण्या तो वाचायचा. शांत माणूस. शांत माणसांवर माझा विश्वास थोडा कमीच असतो.

“इरफान, हे काय आहे?”

“मीपण तेच बघायलोय, मॅडम.” त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. “गेल्या काही महिन्यांत आत आलेल्या चाचण्यांनी पारडं फिरवलं. मी सगळ्या परत वाचल्या. सगळे निकष पूर्ण आहेत. एकात खोट काढून दाखवा, मी राजीनामा देतो.”

राजीनामा घ्यायच्या तयारीनेच मी वाचायला बसले. खरंच, खोट नव्हती. एकही मूल चाचणी सोडून गेलं नव्हतं. एकही बाटली फुटली नव्हती. एकही आई तपासणीला चुकली नव्हती. एकाही घरात त्या काळात लग्न, बारसं, मयत, परीक्षा काही झालं नव्हतं. दुपारपर्यंत तेच मला खटकायला लागलं. माझ्या आयुष्यात मी चार माणसांना जेवायला बोलावलं तरी एकजण उशिरा येतो आणि एकाचा उपास निघतो. आणि इथे शेकडो घरांतली लहान मुलं महिनोन् महिने घड्याळासारखी गोळ्या खात होती.

“इरफान, या चाचण्या झाल्याच नसतील तर?”

त्याने पडद्यावर केंद्राचे निकष उघडले. “आपले निकष जाहीर आहेत,” तो म्हणाला. “अहवाल लिहून देणारी यंत्रं आता कुणाकडेही आहेत. त्यांना आपले निकष वाचायला दिले की झालं. आपण जे विचारतो तेच ती लिहिणार.”

फसवणूक होऊ नये म्हणून आम्ही निकष आधी जाहीर करायचो, आणि त्याच निकषांच्या मापाने कुणीतरी कपडे शिवून पाठवत होतं. आम्ही चाचणी तपासतच नव्हतो. चाचणीवरचा निबंध तपासत होतो.

“बाहेर काढलेल्या आण,” मी म्हटलं.

बुरखा आता सगळ्यांवरून उठला होता. उरुसवाली चाचणी मी उघडली. निकाल: औषधाच्या आणि साखरेच्या गोळ्यांत कोणताही फरक आढळला नाही. वर लेखकाचं नाव: डॉ. सन्मती आवटी, मिरज.

माझा भाऊ.

*

सन्मतीचा दवाखाना सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आहे. मी पोचले तेव्हा तो एका पोरीच्या पाठीला कान लावून बसला होता. हो, कान, त्याच्या आधी नळी लावून झालेली असते, पण त्याला दोन्ही लागतं. पोरीची आई हातातलं कार्ड चाळवत उभी होती.

“डॉक्टर, कार्डावर निरोप आलाय. एक तारखेपासनं पंप बंद, गोळ्या चालू. मग पंप बंद करू का?”

“न्हाई,” सन्मती म्हणाला.

“पर सरकार म्हणतंय...”

“सरकारला धाप लागत न्हाई, वहिनी. आलियाला लागते. पंप चालू ठेवायचा. माझ्या गोळ्या नाही दिल्या तर चालंल, पंप चुकवायचा न्हाई.”

“कार्डावर नसला तर आणू कुठनं?” बाई म्हणाली. सन्मतीने तिच्या हातातलं कार्ड घेऊन उलटंसुलटं बघितलं. आलिया शर्टाची गुंडी चोखत माझ्याकडे बघत होती आणि तिच्या श्वासाची बारीक शिट्टी मला दारापर्यंत ऐकू येत होती.

त्या गेल्यावर मी विचारलं, “चाचणी केलीस, मला बोलला का नाहीस?”

“घरात कामाचं बोलायचं न्हाई हा नियम कुणाचा?”

माझाच होता. तो होमिओपॅथ, मी केंद्रात. कुणी बोट दाखवायला नको म्हणून मीच घालून दिलेला.

“केलीस कशाला पण?”

“कशाला म्हणजे? तू दर दिवाळीला फराळाच्या ताटावर म्हणायचीस, पुरावा दाखव, पुरावा दाखव. म्हटलं, एकदा दाखवून अक्काचं तोंड बंद करू. गेलो शोधायला. नाही सापडला.” त्याने टेबलावरच्या बाटल्या उगाच सरळ केल्या. “महिनाभर जेवण गेलं नाही मला. मग जसं झालं तसं लिहिलं आणि पाठवलं. तुमच्या यंत्राने बाहेर काढलं. बाटल्यांचा घोळ झाला होताच, काढणारच.”

‘तुमच्या यंत्राने’. मी मान डोलावली. माणसाचं मत माझं होतं, हे सांगितलं नाही.

“आता परत आत घेता येत नाही का?” त्याने विचारलं.

“नाही. मी निकाल बघितलाय. आता आत घेतली तर मला हवा तसा निकाल आहे म्हणून घेतली असं होईल. तेच करतात म्हणून मी आजवर लोकांना शिव्या घातल्या.”

“मग पोरांचे पंप?”

मी त्याच्या टेबलावर बसले. लहानपणी बसायचे तशी. “सन्मती, कौल फिरवणाऱ्या चाचण्या बहुधा झालेल्याच नाहीत. आमच्या चाळणीला भोक पडलंय हे दाखवायला पाहिजे. कुणाच्या निकालाकडे न बघता. एक खोटी चाचणी लिहायची. कधी न झालेली. ती चाळणीतून गेली की मग कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “अक्का, खोटी चाचणी पाठवणाऱ्याला तुमच्याकडे काय करतात?”

“काढून टाकतात. नियम मीच लिहिलाय.”

“तुला किती नियम लिहायची हौस गं!” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून संगणकापुढे बसला.

गोळ्या कशा द्यायच्या ते त्याने सांगितलं, बाकीचं लिहिणाऱ्या यंत्राने लिहिलं. आम्ही त्याला केंद्राचे निकष वाचायला दिले आणि म्हटलं, यात बसेल असं लिही. चहा निवायच्या आत अहवाल तयार. मुलं, गावं, श्वासाचे आकडे, सगळं जागच्या जागी.

“औषध कुठलं लिहू?” सन्मतीने विचारलं.

“काहीही लिही. बुरख्यात दिसत नाही.”

त्याने खिडकीतून समोरच्या कारखान्याकडे बघितलं. तिथे सतारीचे भोपळे वाळत टांगले होते. “भोपळ्याचा अर्क,” तो म्हणाला, “सतारीच्या. दोनशे वेळा पातळ केलेला.” आम्ही दोघं इतके हसलो की बाहेरचा पेशंट डोकावून गेला.

*

पारखीने भोपळ्याला क्षणात आत घेतलं. माणसाचं मत मी देऊ शकत नव्हते, ती खोटी आहे हे मला माहीत होतं. पाळीप्रमाणे ती इरफानकडे गेली. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसून वाचत होता आणि मी खिडकीबाहेर बघत मनात म्हणत होते, पकड, बाबा, पकड. त्याने दोनदा वाचली. मग ‘आत’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या मंडळाची बैठक मागितली. अध्यक्ष डॉ. देवस्थळी यांना आधी काही सांगितलं नाही, कारण माझा त्यांच्यावरही संशय होता. तो खोटा निघाला. सगळ्यांसमोर मी भोपळ्याची चाचणी पडद्यावर लावली आणि ती कुठे, कुणी, कशी लिहिली ते सांगितलं. इरफानचा चेहरा उतरला.

“मॅडम, मला तरी आधी सांगायचं होतंत,” तो म्हणाला.

“सांगितलं असतं तर चाचणी झाली नसती.”

“कळतंय की. पण तुम्ही मलाही तपासलं.” त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

देवस्थळी चष्मा काढून म्हणाले, “रेवतीताई, बाहेर काढलेल्यांत तुमच्या भावाची चाचणी आहे. तुम्हाला ती आत हवी आहे, असं लोक म्हणतील.”

“म्हणू देत. ती आत घ्या असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी घालवलाय. मला एवढंच म्हणायचंय की निकष बदला आणि तो सगळ्यांना सारखा लावा. ज्याने चाचणी केली त्याने मूळ नोंदी दाखवाव्यात आणि घरं दाखवावीत. आपल्या माणसाने चार दारं वाजवावीत. मग घोळ झाला असेल तर किती झाला, हे मोजता येईल. घोळच नसेल तर का नाही, हेही विचारता येईल. आणि हे काम ज्यांनी एकही निकाल बघितलेला नाही अशा दुसऱ्या गावच्या माणसांनी करावं. मी नको, इरफान नको, इथलं कुणीच नको.”

“दारं वाजवायची? यंत्राच्या जमान्यात?” एक सदस्य म्हणाले.

“दार यंत्राला लिहून देता येत नाही.”

मंडळाने कौल थांबवला. कार्डावरचा पंप फेरतपासणी होईपर्यंत राहिला. आणि मला, मीच लिहिलेल्या नियमाप्रमाणे, त्याच संध्याकाळी पदावरून काढलं. देवस्थळींनी स्वतः दारापर्यंत येऊन निरोप दिला. मी टेबलाचा खण रिकामा केला. इरफान पाणी प्यायला म्हणून उठून गेला होता, तो मी जाईपर्यंत परत आला नाही.

*

फेरतपासणीचा निकाल आला त्या दुपारी मी सन्मतीच्या दवाखान्यात बसले होते. हल्ली तिथेच बसते. पेशंटांना मी आवडत नाही, कारण प्रत्येकाला मी ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारते.

कौल फिरवणाऱ्या त्या गुळगुळीत चाचण्यांपैकी बहुतेकांची घरं सापडलीच नव्हती. एका पत्त्यावर पेट्रोल पंप निघाला. सन्मतीची सगळी घरं सापडली, कारखान्यावर गेलेल्यांच्या दाराला तेवढं कुलूप होतं. ती दोन चुलत भावंडंही सापडली. त्या दोघांना हिशेबातून वगळून पाहिलं, ठेवून पाहिलं, निकालात फरक पडत नव्हता. नव्या वाचकांनी बुरख्याआडून सन्मतीची चाचणी आत घेतली होती. कौल आला: होमिओपॅथीच्या आणि साखरेच्या गोळ्यांत फरक आढळला नाही. पंप कार्डावर कायम.

सन्मतीने फोन टेबलावर पालथा ठेवला. त्याच्याच हाताने त्याच्या धंद्यावर आलेला कौल होता तो. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तसं करायची पद्धत नाही.

“अक्का, एक विचारू?” तो म्हणाला. “इरफान भेटला होता. म्हणाला, बाहेर काढणारं नुसतं यंत्र नव्हतं. माणसाचं मत तुझं होतं.”

“हो.”

“नियमात बसत नव्हती म्हणून काढलीस, ते ठीक. पण तू वाचलीस तेव्हा मनात काय होतं? नाव झाकलेलं, गाव झाकलेलं, निकाल झाकलेला. खरं सांग.”

आयुष्यभर मी लोकांकडून खरं काढून घेतलं होतं. आता माझी पाळी होती.

“मला वाटलं, हा लबाड आहे,” मी म्हणाले. “मला वाटलं, निकालात गोळ्यांचा गुण आलेला असणार. खात्रीच होती.”

तो हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसला, आणि मला कळेना की यातलं हसणं किती आणि दुसरं किती.

“पंचवीस वर्षं दवाखाना चालवायलोय,” तो म्हणाला. “मला स्वतःला शंका होती, बायकोला होती, पेशंटांना होती. माझ्या गोळ्या नक्की लागू पडणार अशी खात्री असलेलं या गावात एकच माणूस निघालं. आणि ते तू!”

बाहेर आलिया आणि तिची आई आली होती. सन्मतीने तोंड पुसलं, चष्मा घातला आणि हाक मारली, “ये गं. पंप आणलायस ना?”

पोरीने पिशवीतून पंप काढून दाखवला. मी तो हातात घेतला आणि सवयीने त्यावरची तारीख बघितली.